स्टँडी घेताय? मग एवढं नक्की करा

प्रदर्शनात स्टॉल घेतलाय? छान. तर मग स्टँडी, म्हणजे गुंडाळून ठेवता येणारी जाहिरातीची उभी पाटी, लागणारच. ॲल्युमिनियमच्या बेसमधून वर ओढायची, मागच्या काठीला अडकवायची, संध्याकाळी परत आत सोडायची. ती कशी निवडावी याबद्दल अनुभवाच्या जोरावर चार गोष्टी सांगतो. अनुभव अगदी ताजा आहे, गेल्याच आठवड्यातला.

पहिलं म्हणजे गडबड करू नका. प्रदर्शन शुक्रवारी सकाळी दहाला सुरू होणार असेल तर ऑर्डर गुरुवारी संध्याकाळी द्यावी. आठवडाभर आधी दिली तरी स्टँडी हातात पडायची ती गुरुवारी रात्री, शटर अर्धं खाली आल्यावरच. मधल्या दिवसांत फोन केला तर 'प्रिंटला टाकूलालोय की ओ' एवढंच ऐकू येतं, आणि ते ऐकायला आठवडा वाया घालवायची गरज नाही.

दुकानात गेल्यावर दर सोडून काहीही विचारू नका. 'तीन बाय सहा, कितीला?' बस. बेळगावच्या खडेबाजारात विचारा, टिळकवाडीत विचारा, जिथे पन्नास रुपये कमी तिथे द्या. बेस हातात घेऊन वजन बघू नका. बेसखालचे आडवे फिरणारे दोन पाय किती लांब आहेत हे बघू नका. काठीचे तीन तुकडे आतल्या लवचिक दोरीने एकमेकांना जोडलेले आहेत की सुटे आहेत, हेही विचारू नका. सुटे असले तर एक तुकडा हरवतोच, आणि हरवल्याशिवाय माणसाला स्टँडीची किंमत कळत नाही. छपाई साध्या फ्लेक्सवर आहे की मागून काळ्या असलेल्या जाड माध्यमावर, की न फाटणाऱ्या प्लास्टिक फिल्मवर, हा प्रश्न तर अगदीच शिष्टपणाचा. साध्या फ्लेक्सच्या कडा दुसऱ्या दिवशी आत वळतात आणि मागची ट्यूबलाइट आरपार दिसते. त्यात काय बिघडलं? तेवढाच उजेड.

डिझाइन करताना लोगो व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा. तीन बाय सहा फुटाची छपाई इंचाला शंभर ठिपक्यांनी करायची म्हटलं तर फाइल ३६०० बाय ७२०० पिक्सेलची लागते. पण असला हिशोब शाळेत करायचा, धंद्यात नाही. व्हॉट्सॲपवर फोटो दाबून पाठवला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसा दाबला जात नाही, हेही लक्षात ठेवायचं कारण नाही. लोगो धुरकट आला तर गिऱ्हाइकाला वाटेल कंपनी जुनी आहे. मराठी मजकूर श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप करून, अक्षरं कर्व्ह न करता, म्हणजे त्यांचं चित्र न बनवता, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल द्या. तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की त्यातून जे निघतं ते वाचायला गर्दी होते.

सगळा मजकूर घाला. वडिलांचा फोटो, आजोबांचा फोटो, कुलदैवत, आयएसओचा शिक्का, उत्पादनांची यादी, कारखान्यापर्यंत यायचा नकाशा. दहा फुटांवरून नीट वाचता यायचं असेल तर अक्षर निदान इंचभर उंच हवं, असं पाट्या रंगवणारे सांगायचे. ती माणसं आता रंगवत नाहीत, म्हणजे त्यांचं ऐकायचं कारण उरलं नाही.

भाषेबद्दल मात्र मी बेळगावात बसून सल्ला देणार नाही. २०२४ साली कर्नाटकात कायद्यात दुरुस्ती झाली, पाटीवर साठ टक्के कन्नड, तेही वरच्या अर्ध्या भागात. हा नियम दुकानाच्या पाटीला आहे, तीन दिवसांच्या स्टँडीलाही लागतो का, असं कुणाला विचारत बसू नका. विचारलं की लागतो.

राज्यात फ्लेक्सला २०१६ पासून बंदी आहे. तशी माहिती फ्लेक्सवर छापून चौकात लावायला हवी.

आता फोन नंबर. तो अगदी तळाशी घ्या. तिथे तो शोभतो, डिझाइन करणाऱ्या ऑपरेटरलाही तिथेच आवडतो. स्टँडीच्या छपाईला खाली चार ते सहा इंच जास्तीचे सोडावे लागतात, कारण तेवढा भाग बेसच्या पोटात राहतो, बाहेर येतच नाही. ही गोष्ट रोज दहा स्टँड्या छापणाऱ्या माणसाला माहीत असते. पण तो सांगत नाही. तो तुम्हाला मोबाइलवर प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, पाठवतो, त्यात नंबर ठळक दिसतो, तुम्ही 'ओके' म्हणता. मग गुरुवारी रात्री काठीवर स्टँडी चढवून मागे सरकून बघता, तर नाव आहे, पत्ता आहे, 'संपर्क' हा शब्दसुद्धा आहे, आणि त्याखाली ॲल्युमिनियम. फोन केला की उत्तर तयार: 'प्रूफ तुम्हीच ओके केलाय की ओ.' प्रूफमध्ये बेस कुठे होता रे बाबा?

तर बेस. यावर जरा जास्त बोलतो, कारण मी उद्यमबागेत हायड्रॉलिक फिटिंग्ज, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या नळ्यांचे जोड, बनवतो आणि स्प्रिंग कशाला म्हणतात हे मला थोडंफार कळतं.

स्टँडीच्या पोटात एक नळी असते, नळीत स्प्रिंग. नळीला एक पट्टी लावलेली असते, आणि छपाईचं खालचं टोक त्या पट्टीला टेपने चिकटवतात. त्याआधी नळी हाताने फिरवून स्प्रिंगला पीळ देऊन ठेवायचा, तो सुटू नये म्हणून बाजूला पिन घालायची. छपाई सरळ रेषेत चिकटली की पिन काढायची, मग स्प्रिंग छपाई आत गुंडाळून घेते. आपण वर ओढलं की पीळ वाढतो, सोडलं की ती परत आत जाते. सगळं यंत्र एवढंच. यात बिघडण्यासारख्या गोष्टी मोजून तीन: पीळ कमी दिला, छपाई तिरकी चिकटवली, टेप हलकी वापरली. पीळ कमी असेल तर छपाई अर्धीच आत जाते आणि बाकीची आपण हाताने कोंबतो. तिरकी असेल तर प्रत्येक गुंडाळीला एका बाजूला सरकत जाते, कड बेसच्या टोपणावर घासते आणि फाटते. आणि टेप हलकी असेल तर जे होतं ते तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

शुक्रवारी साडेअकराला पुण्याच्या एका कंपनीचे खरेदी खात्याचे साहेब स्टॉलसमोर थांबले. हातात आमचा जोड, थ्रेड बघतायत, चेहरा बरा दिसतोय. आणि बेसमधून आवाज आला. आधी टर्रर्र, मग एकदम खाड्. टेप सुटली होती. पट्टी छपाईपासून वेगळी झाली, स्प्रिंगने आतल्या आत सगळा पीळ सोडून दिला, नळी मोकळी फिरली, आणि आमची स्टँडी काठीच्या टोकाला वाळत घातलेल्या धोतरासारखी लोंबू लागली. खालची कड जमिनीवर. बेसमध्ये लपलेला फोन नंबर त्या निमित्ताने पहिल्यांदा उजेडात आला. साहेब हसले. जोड टेबलावर ठेवला आणि म्हणाले, 'हे तुम्हीच बनवलंय का?' स्टँडीबद्दल विचारत होते की जोडाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

बेस उघडून बघितला. खोकी बंद करायची साधी टेप! तीही तीन फुटांच्या पट्टीवर मध्ये मध्ये तुकडे लावून. पूर्ण लांबी लावायची तर चार रुपयांची टेप जास्त गेली असती का? तेवढी वाचवली. स्प्रिंगला पीळ किती द्यायचा ते कोणी मोजलं नव्हतं, जेवढा हात फिरला तेवढा. बाजूचं टोपण बसवायला एक स्क्रू, दुसऱ्या भोकात काहीच नाही. पत्रा इतका पातळ की बोट दाबलं तर आत गेला. याला बिलावर 'लक्झरी' लिहिलंय. बिल म्हणजे कोऱ्या चिठ्ठीवर, जीएसटी नंबराशिवाय. आमच्याकडे दहा मायक्रॉन इकडे तिकडे झाले तर कंपनी अख्खी लॉट परत पाठवते, वर डेबिट नोट लावते, वाहतूकही आमच्या माथी. पहिला पीस तपासून सही झाल्याशिवाय मशीन पुढे चालत नाही. आणि या माणसाने माल बनवल्यावर एकदाही उभा करून बघितला नाही. एकदाही! स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या फरशीवर, दोन मिनिटं.

बरं, सल्ला देत होतो. पुढचे.

हॉलमध्ये उंच पेडस्टल पंखे असतात. स्टँडी नेमकी पंख्याच्या झोतात ठेवा.

मैदानावर प्रदर्शन असेल तर चार कोपऱ्यांना भोकं पाडून ताणतात ती एक्स स्टँडी घ्या. हलकी असते, स्वस्त असते, पावसाळ्याच्या तोंडाला आपल्याकडे जे वारं सुटतं त्यात ती शेजारच्या स्टॉलवर जाते आणि तिथे जाहिरात करते. पाणी किंवा वाळू भरायचा जड बेस मिळतो, पण तो उचलायचा कोणी?

घरी नेताना पिशवी स्कूटरवर आडवी धरा. तीन फुटांचा बेस आहे, दोन्ही बाजूंना बाहेर येतो. टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट पडलेलं असेल तर सगळे थांबतात आणि सगळे बघतात, ही फुकटची जाहिरात समजा.

ऑनलाइन मागवायचीही सोय आहे. फोटोत स्टँडी कॉम्प्युटरवर काढलेली असते, त्यामुळे ती कधीच वाकत नाही.

आणि तक्रार घेऊन दुकानात जाऊच नका. मी गेलो. समोरचा माणूस शांत. 'अण्णा, तुम्ही जोरात ओढला असणार.' म्हटलं, ओढायचीच वस्तू आहे ती. 'वरनंच माल असा येतोय की, आम्ही काय करायचं ओ?' टेप वरून येते? टेप तर तुझ्या पोराने लावली. 'इव्हेंट झाला न्हवं का तुमचा?' म्हणजे प्रदर्शन संपलं की वस्तू संपली. गॅरंटी कशाची आहे विचारलं तर छपाईची नाही, बेसची नाही, काठीची नाही. मग नवीन घ्या म्हणाला, शंभर रुपये कमी करतो. बेस तोच ठेवून फक्त छपाई बदलायची असते, त्यासाठीच तर हा प्रकार बनवलाय, दरवर्षी नवीन फिल्म लावा आणि बेस वापरत राहा. पण तो बेस वर्षभर टिकला तर दुसरा कोण घेणार?

पुरे झाली चेष्टा.

गिऱ्हाइकांनो, तुम्हालाही सांगतो. लेथला लागणारं इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, घेताना ग्रेड विचारता, कोटिंग विचारता, पुरवठादाराला तासभर उभा करता. आणि शेकडो लोकांसमोर ज्या वस्तूवर तुमच्या कारखान्याचं नाव उभं राहणार तिचा फक्त दर विचारता. पन्नास रुपयांसाठी दुकान बदलता. चांगला माल ठेवणाराही मग चांगला माल ठेवायचं सोडतो, कारण तुम्ही त्याच्याकडे फिरकतच नाही. दुकानातच उभी करायला लावा. चार वेळा वर ओढा, चार वेळा सोडा, बाजूने बघा सरळ गुंडाळते का. बेस पायाने हलकेच ढकला. डुलला तर तिथेच ठेवून या. आणि कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका, नंतर भांडायला हातात काही राहत नाही.

आणि तू, दुकानदारा. वरून माल कसा येतो ते मला सांगू नकोस, माझ्याकडेही वरूनच लोखंड येतं. खालचे सहा इंच आत जातात हे डिझाइन घेतानाच सांगायचं, ते तुझं काम आहे, प्रूफवर 'ओके' घेऊन हात झटकायचं नाही. पट्टीला पूर्ण लांबी चांगली टेप लावायची. स्क्रूची दोन भोकं असतील तर दोन स्क्रू लावायचे. गुरुवार म्हटलं तर गुरुवारी दुपारी द्यायची, म्हणजे माणसाला बघायला वेळ मिळतो. तो मिळू नये म्हणूनच रात्री देतोस, हे आम्हाला कळत नाही असं समजू नकोस. तुझ्याकडे आलेला प्रत्येक जण कर्ज काढून, स्टॉलचं भाडं भरून, तीन दिवस कारखाना बंद ठेवून प्रदर्शनात बसतो. त्याचं वर्षभराचं गिऱ्हाईक त्या तीन दिवसांत समोरून जातं. तुझी चार रुपयांची टेप सुटली की ते गिऱ्हाईक शेजारच्या स्टॉलवर जातं.

मला पैसे परत नकोत, शंभराची सूटही नको. पुढच्या महिन्यात हुबळीला स्टॉल आहे. जाड बेस दे, छपाई नवीन कर, नंबर वर घे, जीएसटीचं बिल फाड. आणि माझ्यासमोर, दुकानाच्या फरशीवर, चार वेळा ओढून दाखव.