झिंक-मॅग्नेशियमचे डबे आणि आपली कबड्डीची पोरं

स्पर्धांचा मोसम आला की रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही मैदानावर जा, एकाच्या तरी बॅगेत झिंक-मॅग्नेशियमचा डबा निघतोच. "सर, रात्री घेतली की ताकद वाढते." माझं मत विचाराल तर, अंगात कमतरता नसेल तर या गोळ्यांनी चढाईत काडीचा फरक पडत नाही. कमतरता असेल तर ती भरून निघते, बस्स.

डब्यामागची बारीक अक्षरं वाचा. झेडएमए नावाने मिळणाऱ्या गोळ्यांचा नेहमीचा डोस झिंक 30 आणि मॅग्नेशियम 450 मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाची दिवसाची गरज झिंक 17, मॅग्नेशियम 440. म्हणजे नुसत्या गोळीतूनच गरजेपेक्षा जास्त जातं, जेवणातून येतं ते वेगळंच. झिंक रोज 40 च्या वर महिनोन्‌महिने गेलं तर तांबं नीट शोषलं जात नाही आणि रक्त कमी होतं. मॅग्नेशियम जास्त झालं की जुलाब. मिल्क ऑफ मॅग्नेशिया पोट साफ करायलाच देतात ना? उद्या सेमी फायनल आणि आमचा रेडर रात्रभर संडासाच्या वाऱ्या करतोय, बघा विचार करून.

पोटरीला गोळा येतो म्हणून मॅग्नेशियम घेणारे तर ढीगभर. अरे बाबांनो, आपल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो, आणि त्यातून सगळ्यात जास्त जातं ते मीठ. मॅग्नेशियम अगदी थोडं. शिवाय दमलेला स्नायूही आखडतो. सामन्याआधी मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज आणि मध्ये कोकम सरबत द्या, तेही मीठ टाकून.

खरी काळजी वजनी गटासाठी उपाशी राहणाऱ्या पोरांची. आठवडाभर जेवण तोडायचं आणि वर गोळी खायची, ही कुठली तयारी? त्यांच्यात कमतरता असू शकते, पण रक्तातल्या मॅग्नेशियमच्या रिपोर्टवर डोळे मिटून विसंबू नका. शरीरातलं जेमतेम एक टक्का मॅग्नेशियम रक्तात असतं. जेवणखाण विचारणारा डॉक्टर गाठा. मुलींचं आधी हिमोग्लोबिन तपासा, तिथे झिंकपेक्षा लोहाचा प्रश्न मोठा असतो.

बाकी आपल्या ताटात काय कमी आहे? समुद्रातल्या कालवांइतकं झिंक रोजच्या खाण्यातल्या दुसऱ्या कशात क्वचितच मिळेल. कुर्ल्या म्हणजे खेकडे आहेत. शाकाहारी घरात काजू, तीळ, कुळीथ, मोडाचे वाल. नाचणीत मॅग्नेशियम भरपूर, फक्त तिच्यातलं फायटेट नावाचं द्रव्य झिंक अडवून धरतं. पीठ रात्रभर आंबवून आंबोळी केली की ते बरंच कमी होतं. आजीला फायटेट माहीत नव्हतं, आंबोळी मात्र रोज होती.

राज्य-राष्ट्रीय पातळीवर जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. भेसळीच्या डब्यातून बंदी असलेला पदार्थ पोटात गेला तरी डोपिंगची जबाबदारी खेळाडूचीच. "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही.

मंडळवाल्यांना हात जोडून विनंती, यंदा उत्कृष्ट चढाईपटूला बक्षीस म्हणून सप्लिमेंटचा डबा नको. त्याच पैशात गावच्या फॅक्टरीतले दोन किलो काजूगर द्या.