वेगमर्यादा अद्ययावत करताना घ्यावयाची काळजी

तुमच्या घरासमोरच्या रस्त्याची वेगमर्यादा बदलायला हवी असं तुम्हाला वाटू लागलं असेल, तर अभिनंदन. तिथे वेगमर्यादा आहे हे ठाऊक असलेले तुम्ही गल्लीतले पहिलेच.

आधी सध्याचा आकडा शोधा. तो पाटीवर असतो आणि पाटी भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे असते. नाहीच सापडली तर कायदा आहे. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार पालिका हद्दीत मोटारीला ताशी ७०, दुचाकीला ६० आणि रिक्षाला ५० किलोमीटरपर्यंत मुभा. मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ वापरून राज्याला ती कमीही करता येते, पण एवढ्या खोलात शिरू नका. लक्ष्मी रोडवर अडकलेला माणूस सत्तर ऐकून हसेल, त्याला हसू द्या. हा आकडा त्याच्यासाठी नाहीच, रात्री साडेअकरानंतरच्या रिकाम्या रस्त्यासाठी आहे. दिवसा वेगमर्यादा पाळून घ्यायचं काम ट्रॅफिक जॅम करतो, तेही बिनपगारी.

आता नवा आकडा. वाहतूक अभियंत्यांकडे त्यासाठी एक शास्त्रशुद्ध पद्धत आहे. शंभरातले पंच्याऐंशी चालक ज्या वेगाच्या आत राहतात तो वेग मोजायचा आणि मर्यादा त्याच्या आसपास ठरवायची. म्हणजे लोक करतात तेच नियम म्हणून छापायचं. हीच पद्धत राँग साइडला, हेल्मेटला आणि सिग्नललाही लावा, पुण्यात एकही नियमभंग शिल्लक राहणार नाही.

कुणीतरी तीसचा हट्ट धरेलच. ऑस्ट्रियातल्या ग्राझने १९९२ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर ३० केलं, पॅरिसने २०२१ मध्ये जवळजवळ शहरभर केलं, वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, असं बरंच काही सांगेल. त्याला म्हणा, "काका, ते तिकडे. आपल्याकडे लोकांना कामं असतात." २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली आणि सरकारच्याच अहवालात त्यांतले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत, हे मात्र त्याला आठवू देऊ नका. (इथे उपरोध जरा जड जातो, म्हणून पुढे जाऊ.)

समजा, दबाव आला आणि आकडा चाळीसवर आणावाच लागला. हरकत नाही, रस्ता रुंद करा. फुटपाथ कापा, वळणं सरळ करा, काँक्रीट असं गुळगुळीत करा की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जावा. मग त्या धावपट्टीच्या कडेला चाळीसची पाटी लावा. पुढे तिथे कुणाचा जीव गेलाच तर रातोरात गतिरोधक घाला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि अवघा १० सेंटिमीटर उंच असतो, गाडी त्यावरून हळूच चढते-उतरते. तुम्ही एवढी रुंदी ठेवू नका, डांबर फुकट जातं. उंची मात्र सढळ हाताने द्या, मणक्याचे डॉक्टरही आपलेच मतदार.

अंमलबजावणीची चिंता नको. हलक्या वाहनाला अतिवेगाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून हजार ते दोन हजार आहे. स्पीडगनवाली गाडी उभी राहिली रे राहिली की सोसायटीच्या ग्रुपवर "पुलाखाली मामा आहेत" येतं आणि तेवढे दोनशे मीटर आपलं शहर ग्राझ होतं.

शेवटी मसुदा काढून हरकती-सूचना मागवा. गाडीवाल्यांच्या भरपूर येतील, त्या नीट फाइलला लावा. पायी चालणाऱ्यांच्या मुदतीत येणार नाहीत. त्यांना अजून रस्ता ओलांडायचाय.