बातमीत उंची कशाला मोजता?

‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ हा मथळा आता कायमचा बंद करा. डोकं उठलंय वाचून वाचून. माणूस साडेपाच फुटांच्या खाली असला आणि त्याने काही करून दाखवलं, की आमच्या पत्रकारांच्या हातून दुसरं काही लिहिलंच जात नाही.

दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेटपटू टेम्बा बावुमाचंच घ्या. नोव्हेंबर 2025, ईडन गार्डन्स. स्टम्प माइकवर बुमराचा ‘बौना’ हा शब्द ऐकू आला आणि मग तीच क्लिप सगळीकडे फिरत राहिली. त्या कसोटीत दोन्ही संघांत मिळून अर्धशतक एकट्या बावुमाचं होतं. ज्या खेळपट्टीवर 124 धावांचा पाठलाग करताना आपण 93 वर गारद झालो, तिथे तो नाबाद 55 करून गेला! चेंडू किती उशिरा खेळत होता, फिरकीला पाय कसा काढत होता, हे लिहा ना. त्याआधी जूनमध्ये लॉर्ड्सवर मांडीचा स्नायू दुखावलेला असताना लंगडत लंगडत त्याने 66 केल्या, मार्करमबरोबर 147 जोडल्या आणि दक्षिण आफ्रिकेला कसोटीचं जगज्जेतेपद मिळवून दिलं. तरी त्याच्यावरचा लेख उघडला की उंची आलीच.

शास्त्रीजींचीही तीच गत. दर 2 ऑक्टोबरला लेखाची सुरुवात ‘लहानखुरी मूर्ती’नेच. अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर 1956 मध्ये खुर्ची सोडणारा मंत्री, 1965 च्या युद्धातला पंतप्रधान. या माणसाबद्दल सांगायला आधी त्यांचा देह लागतो?

आणि उंच माणूस असला की लगेच ‘उंचपुरे, भारदस्त व्यक्तिमत्त्व’! काम काय केलं ते नंतर, कधी कधी तर नाहीच. सहा फूट असणं हे कर्तृत्व कधीपासून झालं? उंच पुरुष भारदस्त, बुटका पुरुष कौतुकास्पद, आणि बाई असेल तर ती उंच असो की ठेंगणी, तिचा बांधा, रंग, साडी हे सगळं आधी येणार. संताप येतो.

उंची लिहूच नये असं माझं म्हणणं नाही. हरवलेल्या माणसाच्या निवेदनात ‘उंची 5 फूट 3 इंच, रंग गहूवर्ण, बांधा सडपातळ’ हवंच, त्यावरून माणूस सापडतो. वेस्ट इंडिजचा वेगवान गोलंदाज जोएल गार्नर सहा फूट आठ इंच होता हे सांगितल्याशिवाय त्याचा यॉर्कर फलंदाजाला कुठून येताना दिसायचा ते कळत नाही. नागपूरच्या ज्योती आमगे यांची गिनीजमधली जगातली सर्वांत कमी उंचीची महिला ही नोंदच 62.8 सेंटिमीटरची आहे, तिथे आकडा येणारच. पण त्या मतदानाला गेल्या तरी बातमी उंचीचीच होते, हे मात्र चीड आणणारं आहे.

आमच्या घरातलंच सांगते. माझी मावसबहीण राज्यसेवेतून नायब तहसीलदार झाली. या पदाला उंचीची अट नाही. तालुक्याच्या वार्ताहराचा फोन आला, मी शेजारीच बसले होते. अभ्यास कसा केला, दोन ओळींत उरकलं. मग, “ताई, तुमची उंची किती हो? फोटोत कमी वाटते म्हणून विचारतो.” ती बिचारी भिडेपोटी सांगून बसली. दुसऱ्या दिवशी मथळ्यात चार फूट आठ इंच, आणि खाली ‘कमी उंचीवर मात करत’. कसली मात? उंची काय आजार आहे? सकाळी घर झाडून, दुपारी शिकवण्या घेऊन, रात्री जिल्हा ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत बसून ती पास झाली. पूर्वपरीक्षेत दोनदा आपटली होती. मात केली असेल तर त्या सगळ्यावर.

मावशीने फोन करून जाब विचारला तर उत्तर काय? “अहो काकू, कौतुकच केलंय की!” हे असलं कौतुक नकोय आम्हाला. बहिणीने गुणवत्ता यादीतला क्रमांक आणि पदवीचा विषय दोन्ही नीट लिहून व्हॉट्सॲपवर पाठवले होते. त्यातलं एक अक्षर छापलं नाही.