बांबोळीला नेलं की कोंडून ठेवतात, हे खरं नाही

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: व्यसन सोडवायला बांबोळीला (गोव्यातल्या मानसोपचार रुग्णालयात) नेलं की कोंडून ठेवतात, नाव पोलिसांत जातं, त्यापेक्षा घरीच दारू एकदम तोडा. हे चुकीचं आहे.

गोवा मेडिकल कॉलेजजवळच्या (गोमेकॉ) आयपीएचबीत, म्हणजे बांबोळीच्या याच मानसोपचार रुग्णालयात, ओपीडी आहे. तपासून, औषधं घेऊन माणूस घरी परततो. माझा थोरला भाऊ असाच उपचार घेतोय, सोबत मी जाते. दाखल करायची गरज आहे का, हे डॉक्टर तब्येत पाहून सांगतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही येतात, आणि माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे.

शेवटचा सल्ला तर जीवावर बेतणारा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक तोडली की पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. भावाचे हात इतके थरथरायचे की कप ओठांपर्यंत नेईस्तोवर चहा शर्टावर सांडायचा. औषधांनी ते आवरलं. आधी डॉक्टर गाठा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. आणि काही विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४४४६.