कोंडाणे लेण्यांच्या सहलीबद्दल तुम्ही लिहिलेल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्रीच वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्या दिवशी सोबत असलेल्या आमच्या तिन्ही लीडरशी आणि कोंदिवडे गावच्या वाटाड्या दादांशी आधी बोलून घ्यायचं होतं. काल ते झालं, म्हणून आज लिहिते आहे.

तुम्ही एक तारा दिलात आणि चार गोष्टी लिहिल्यात. भावाच्या पायात सँडल होती म्हणून त्याला कर्जत स्टेशनवरूनच परत पाठवलं आणि त्याचे पैसेही परत दिले नाहीत. शाळेच्या पोरांसारखं सगळ्यांना एका रांगेत चालवलं. ओढ्यापाशी पाऊण तास उभं करून लेणी आणि धबधबा न दाखवताच माघारी आणलं, तेही दुसरा एक ग्रुप तुमच्या डोळ्यांदेखत पलीकडे गेला असताना. आणि परतीच्या वाटेवर तुमचे बाबा मागे राहिले, ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

शेवटची तक्रार आधी घेते, कारण तिथे चूक पूर्णपणे आमची आहे.

आमच्याकडे चालताना सगळ्यात पुढे एक लीडर असतो, मध्ये एक आणि सगळ्यात शेवटी एक, ज्याला आम्ही स्वीप म्हणतो. स्वीपचं काम एकच, त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये. त्या दिवशी परतताना एक मुलगी शेवाळावरून घसरली, तिचा हात मुरगळला आणि स्वीप तिला सावरायला पुढे धावला. नेमके तेव्हाच बाबा रेनकोटची अडकलेली चेन ओढत बाजूला थांबले होते. ते निघेपर्यंत आपण सगळे वळणापलीकडे गेलो होतो. पुढे फाट्यावर त्यांना उजवीकडची वाट जास्त मळलेली दिसली आणि ते तिकडे वळले. ती ढोरवाट. गुरं रोज चरायला जातात म्हणून पावसाळ्यात ती खऱ्या वाटेपेक्षा ठळक दिसते आणि पुढे कारवीत कुठेतरी विरून जाते. सह्याद्रीत चुकणारी बरीच माणसं अशीच चुकतात. म्हणूनच प्रत्येक फाट्यावर, स्वीप येऊन पोचेपर्यंत, आमचा एक माणूस उभा राहायला हवा. त्या दिवशी तो नव्हता. पुढच्या मोजणीत एक माणूस कमी भरला तेव्हा आम्हाला कळलं.

बाबा भेटेपर्यंत १८ मिनिटं गेली. त्या १८ मिनिटांत तुमचा चेहरा मी पाहिला आहे, तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही. बाबांनी मात्र अगदी योग्य तेच केलं. वाट अनोळखी वाटायला लागल्याबरोबर ते एका आंब्याखाली थांबले, एक पाऊलही पुढे टाकलं नाही, आणि सकाळी आम्ही दिलेली शिट्टी थांबून थांबून वाजवत राहिले. पावसात माणसाची हाक पन्नास पावलांवर विरते, शिट्टी लांबवर जाते. वाटाड्या दादा त्या आवाजाच्या रोखानेच पोचले. बाबा घाबरून चालत सुटले असते तर प्रत्येक मिनिटाला शोधायचं रान वाढत गेलं असतं. याचं श्रेय सगळं त्यांचं आहे. मी त्यांची आणि तुमची मनापासून माफी मागते.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मला लिहायलाच हवी. त्या दिवशी आपण २७ जण होतो. पावसाळ्यात तीन लीडरच्या मानाने ही संख्या जास्त होती. शेवटच्या दिवशी फोन आले, लोकांनी आग्रह केला आणि मी नाही म्हणू शकले नाही. यापुढे पावसाळी सहलीत १८ पेक्षा जास्त माणसं घेणार नाही. कुणी पडलं, दुखावलं तर मधला लीडर मागे येईल, स्वीप जागा सोडणार नाही. प्रत्येकाला सकाळीच एक नंबर मिळेल आणि फाटा, ओढा, जेवणाची जागा अशा प्रत्येक ठिकाणी तो मोठ्याने म्हणायचा. डोळ्यांनी डोकी मोजताना चूक होते, आपला नंबर दुसरा कुणी म्हणत नाही. आणि प्रत्येकाची एक जोडी ठरलेली असेल. चेन अडकली, नाडी सुटली, झाडामागे जायचं असलं, तरी जोडीदाराला सांगूनच थांबायचं.

आता ओढ्याबद्दल. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

तुम्ही लिहिलंय की पाऊस पडतच नव्हता, मग भीती कसली? आपण उभे होतो तिथे तो खरंच पडत नव्हता. पण ओढ्याचं पाणी आपल्या डोक्यावरच्या पावसाचं नसतं, वरच्या डोंगरावरच्या पावसाचं असतं, आणि राजमाचीच्या बाजूला ढग काळेकुट्ट झाले होते. आपला सह्याद्री म्हणजे काळा कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर. जुलैपर्यंत ती माती पाणी पिऊन तुडुंब झालेली असते. वर जोराची सर आली की पाणी मुरत नाही, सरळ खाली धावतं. तुम्हाला आठवत असेल, आमच्या लीडरने ओढ्याच्या अगदी कडेला एक काठी रोवली होती आणि पाणी टेकत होतं तिथे चाकूने खूण केली होती. दहा मिनिटांनी ती खूण दिसेना. पंचवीस मिनिटांनी पाणी खुणेच्या चार बोटं वर होतं. आधी नितळ असलेलं पाणी चहासारखं झालं, पाला आणि काटक्या वाहून यायला लागल्या, आणि तळाशी दगड गडगडत असल्याचा आवाज यायला लागला. तो आवाज ऐकल्यावर पाण्यात पाऊल टाकायचं नसतं. गुडघ्याखालचं पाणी असलं तरी वेग असला की ते धडधाकट माणसाचे पाय उचलतं.

शिवाय आपल्याला पलीकडे जाऊन त्याच वाटेने परतही यायचं होतं. ओढा ओलांडताना विचार करायचा तो परत येण्याचा. दुपारी पलीकडे अडकलो असतो तर अंधारात, भिजलेल्या कपड्यांत, लहान मुलांना घेऊन पाणी उतरायची वाट बघत बसावं लागलं असतं.

दुसरा ग्रुप गेला हे खरं आहे. ते सगळे सुखरूप परतले याचा मला आनंद आहे. पण ते कसे गेले तेही तुम्ही पाहिलंत. एकेकाच्या कमरेला दोर बांधून. वाहत्या पाण्यात माणसाला दोराने जखडणं फार धोक्याचं आहे. पाय सुटला की पाणी त्याला खाली दाबतं आणि दोर त्याला तिथेच धरून ठेवतो. शिकलेली माणसं आणि साधनं असतील तर गोष्ट वेगळी. रविवारी आपल्यातल्या कुणालाही तसं पाण्यात उतरवण्याची माझी तयारी नव्हती, पुढेही नसेल. जून २०२४ च्या शेवटच्या दिवशी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसं मोबाइलवर आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. काठ तिथून हाकेच्या अंतरावर होता.

तुम्ही विचारलंय, मग हवामान बघून आधीच रद्द का नाही केलं? रायगडला त्या दिवशी यलो अलर्ट होता, म्हणजे काही ठिकाणी जोरदार पावसाची शक्यता. हवामान खात्याच्या हिशेबात जोरदार पाऊस म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, पण तो दिवसभर झिमझिम पडला की दोन तासांत कोसळला, आकडा तोच येतो. अंदाज अख्ख्या जिल्ह्याचा असतो, ओढा एका डोंगराचा. ऑरेंज किंवा रेड असला तर आम्ही सहल रद्द करतो आणि पूर्ण पैसे देतो. यलो असला तर निघतो, पण लेण्यापर्यंत पोचूच असं कबूल करत नाही. हे वाक्य आमच्या माहितीपत्रकात आहे, फक्त अगदी शेवटी आहे. ते आता सगळ्यात वर घेतलंय.

लेणी राहिल्याचं मलाही वाईट वाटतं. सुमारे २,००० वर्षांपूर्वी लाकडी घराच्या कमानी आणि तुळया दगडात हुबेहूब कोरल्या आहेत, आणि पावसाळ्यात त्यांच्यासमोर वरून पाण्याचा पडदा कोसळत असतो. ते बघण्यासाठी मुंबईहून पहाटेची लोकल धरून आलेल्या माणसाला अर्ध्यातून मागे वळायला सांगणं मला सोपं गेलं नाही.

भावाच्या सँडलबद्दल. ती गुळगुळीत तळाची, मागे पट्टा नसलेली चामड्याची सँडल होती. शेवाळलेल्या कातळावर ती घालून चालणारा माणूस स्वतः तर पडतोच, पुढच्यालाही घेऊन पडतो. त्याला न नेण्याचा निर्णय बरोबरच होता. पण सामानाची यादी आम्ही फक्त तुमच्या नंबरवर पाठवली होती, कारण बुकिंग तुमच्या नावावर होतं. खाचांच्या तळाचे बूट, लवकर वाळणारी पँट (जीन्स भिजली की पायाला दगड बांधल्यासारखी होते), छत्रीऐवजी रेनकोट, दोन लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएस, प्लॅस्टिकमध्ये बांधलेले कोरडे कपडे, हे सगळं भावापर्यंत पोचलंच नव्हतं. पावसात तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि मग चढावर पायात गोळे येतात, हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा दोष त्याला देता येणार नाही. त्याचे पूर्ण पैसे आज परत केले आहेत. यापुढे यादी येणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र जाईल आणि आदल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या बुटांचा, तळ दिसेल असा फोटो पाठवायचा.

राहिली रांग. जंगलात तुम्ही जोडीने, गप्पा मारत चाललात तर माझी काही हरकत नाही. पण गावाबाहेर पडताना आपण भाताच्या खाचरांतून जात होतो आणि लावणी नुकतीच झाली होती. बांध हातभर रुंद आणि लोण्यासारखा मऊ असतो. दोघं शेजारी चालले की एकाचा पाय कडेला पडतो, बांध ढासळतो, वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात जातं आणि चार दिवसांपूर्वी लावलेली रोपं उघडी पडतात. ज्या काकांच्या शेतातून आपण गेलो त्यांनी गेल्या वर्षी दुसऱ्या कुणा ग्रुपने तोडलेला बांध दोन दिवस चिखलात उभं राहून परत घातला होता. तरीही ते आपल्याला वाट देतात, चहा देतात. रांग त्यांच्यासाठी होती. हे मी तेव्हाच समजावून सांगायला हवं होतं. नुसतं 'रांगेत चला' असं ओरडले, म्हणून तुम्हाला शाळा आठवली असेल.

तुमचे आणि बाबांचे निम्मे पैसेही परत पाठवले आहेत. ओढ्यासाठी नव्हेत, त्या १८ मिनिटांसाठी आहेत. नवरात्रानंतर ओढे उतरतात, तेव्हा कोंडाण्याला यावंसं वाटलं तर तुम्ही तिघंही आमचे पाहुणे म्हणून या. नाही वाटलं तरी मी समजू शकते. तारे बदला असं मी म्हणणार नाही.

बाबांची स्टीलची पाण्याची बाटली आमच्या प्रथमोपचाराच्या सॅकमध्ये राहिली आहे. धुऊन ठेवली आहे. शनिवारी मी दादरला असते, संध्याकाळी घरी आणून देऊ का ते कळवा.