ऐकू येत नाही म्हणजे आवाजच नाही?

"अहो, कसला आवाज? काही ऐकू येतंय का? तुमचा कुत्रा नाटकं करतोय!"

आज सकाळी शेजारच्या काकांनी मला हे सुनावलं. उंदीर पळवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा फार वरच्या पट्टीतला आवाज काढणारं, त्यांनी लिफ्टशेजारच्या प्लगला लावून ठेवलंय. तेव्हापासून माझा कुत्रा बंड्या लिफ्टपाशी आला की पाय रोवून बसतो. कान मागे, शेपूट पायांत आणि जांभयांवर जांभया. ती जांभई झोपेची नसते, घाबरल्याची असते, हे कुत्रं पाळणाऱ्या कुणालाही कळेल. मी प्लगचं बटण बंद केलं, तसा हा दोन मिनिटांत आपणहून लिफ्टमध्ये शिरला. आणखी काय पुरावा द्यायचा?

माणसाचा कान 20 हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला 20 कंपनांपासून; आकडा मोठा तितका आवाज वरच्या पट्टीतला) फार तर 20,000 हर्ट्झपर्यंतचं ऐकतो, आणि वय वाढेल तसं वरचं ऐकू येणं कमीच होत जातं. कुत्र्याला 45,000च्या आसपासपर्यंत ऐकू येतं. मांजर तर 60,000च्याही पुढे जातं. म्हणजे कानाशी अखंड शिट्टी वाजतेय, आणि ज्याला ती ऐकूच येत नाही तो माणूस बंड्याला नाटकी ठरवणार! संताप येतो नुसता.

उंदरांचा त्रास असतो, मान्य. वायरी कुरतडतात, तेही मान्य. पण उंदीर या आवाजाला लवकरच सरावतात. ज्या कुत्र्याला पट्टा बांधून रोज तिथूनच न्यावं लागतं, त्याचं काय?

आणि आता रागाच्या भरात लिहितोय तरी एक सांगतो, त्या उंदरांचंसुद्धा मला नवल वाटतं. घरट्याबाहेर पडून गारठलेलं पिल्लू आईला हाक मारतं ती साधारण 40,000 हर्ट्झची. आपल्याला चकार शब्द ऐकू येत नाही. आई मात्र हाकेच्या मागावर येते, पिल्लाला तोंडात धरून परत नेते.

हत्तींचं याच्या उलट. 1984मध्ये प्राण्यांच्या आवाजांच्या अभ्यासक केटी पेन अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ बसल्या होत्या, तेव्हा त्यांना हवेत नुसती धडधड जाणवली. पुढे ध्वनिमुद्रण तपासलं तर 20 हर्ट्झच्याही खालच्या स्वरात हत्तींचं बोलणं चाललेलं! तो आवाज काही किलोमीटरवरच्या कळपापर्यंत पोचतो.

देवमासेही असेच खालच्या स्वरात बोलतात, आणि जहाजांची घरघर नेमकी त्याच पट्टीत. सप्टेंबर 2001मधल्या अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची ये-जा घटली. त्या काळात कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरातल्या राइट व्हेल देवमाशांच्या विष्ठेत ताणाची संप्रेरकं कमी झालेली आढळली. हे वाचलं तेव्हा गलबलून आलं होतं. जहाजं कायमची थांबवता येणार नाहीत, कळतं मला. पण बंड्याला लिफ्टपाशी थरथरताना पाहिलं की ते देवमासे आठवतात. जहाजापुढे त्यांचा इलाज नाही. इथे तर नुसता एक प्लग काढायचाय!

तुमच्यापैकी कुणी असलं यंत्र लावलं असेल तर कृपा करून काढा. उंदीर येतात ती फट बुजवा, कचऱ्याचा डबा झाकून ठेवा. तरीही लावायचंच असेल, तर शेजारी कुत्रं-मांजर आहे का, एवढं तरी आधी विचारा.