मिड-इंजिन गाडी आणि बर्फ : एका प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मिड-इंजिन गाडी (म्हणजे इंजिन ड्रायव्हर आणि मागची चाकं यांच्या मधे असलेली) बर्फात नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, ती गरगर फिरते, चारही चाकांना पॉवर देणारी रॅलीची ऑडी क्वाट्रो आल्यावर हा विषय कायमचा मिटला आणि निफाडचा पारा उतरला की कानटोपी शोधणाऱ्या नाशिककराने बर्फावर लिहूच नये. शेवटचं ठीक आहे, बर्फात मी स्टिअरिंग धरलेलं नाही, म्युनिकला मावसभावाच्या पोर्श केमनमध्ये (तीही मिड-इंजिनच) शेजारी बसलोय फक्त, आणि ती गाडी त्याने हिवाळ्यात वापरावी का यावरच तर मूळ लेख होता. बाकीचं मात्र पटत नाही.

लॅन्शिया स्ट्राटोस ही रॅलीची जुनी गाडी घ्या. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, फेरारी डिनोचं २.४ लिटरचं व्ही६, आणि सगळी पॉवर मागच्या चाकांना. १९७५ ची स्वीडनची रॅली ब्योर्न वाल्डेगार्डने ह्याच गाडीत जिंकली. मुनारी या ड्रायव्हरने १९७५, ७६, ७७ अशी तीन वर्षं माँटे कार्लोची रॅली मारली तीही स्ट्राटोसमध्येच, पण माँटेत एक वळण कोरडं तर पुढचं बर्फाचं असतं म्हणून मी ते फार ताणत नाही. स्वीडनमध्ये तशी पळवाट नाही, तिथे बर्फच असतो.

क्वाट्रोचं म्हणाल तर तिने मिटवला तो टू-व्हील-ड्राइव्हचा (फक्त दोन चाकांना पॉवर) विषय, मिड-इंजिनचा नाही. क्वाट्रोचं इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे, त्यामुळे नाक जड, वळणात सरळ जायला बघायची. आणि मग १९८५ ला माँटे आणि स्वीडन दोन्हीकडे कोण जिंकलं? वाटानेन, पुजो २०५ टी१६ मध्ये, इंजिन मध्ये आणि पॉवर चारही चाकांना. १९८६ ला माँटे टोइव्होनेनने लॅन्शिया डेल्टा एस४ मध्ये जिंकली, स्वीडन कांकुनेनने पुजोमध्ये, म्हणजे परत दोन्ही मिड-इंजिनच. (लॅन्शिया ०३७ ही मिड-इंजिन गाडी १९८३ ला माँटे जिंकली त्याचा दाखला मी मुद्दाम देत नाहीये, तेव्हा रस्ते बरेचसे कोरडे होते, तो मार्क तुमचा.)

आता गरगर. वजन मधोमध असलं की गाडी पटकन वळते, आणि सुटली की तेवढ्याच पटकन फिरते, सावरायला वेळ कमी मिळतो हे खरंच आहे. घसरतेय म्हणून घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, वर इंजिनचं ब्रेकिंगही त्याच चाकांवर येतं, की झाली गिरकी. पण चढावर बघा ना. रिकामी पिकअप चिखलात जागच्या जागी चाकं फिरवते आणि मागे कांद्याच्या गोण्या टाकल्या की निघते, हे आपल्याकडे कोणालाही माहितीये. केमनमध्ये त्या गोण्यांच्या जागी इंजिनच आहे, त्यामुळे पुढे इंजिन आणि मागे ड्राइव्ह असलेल्या सेडानपेक्षा ती बर्फात बरी निघते.

आणि ह्या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट टायर, ज्याचा तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत एक शब्द नाही! समर टायरचं रबर साधारण ७ डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं, पकड जाते, मग इंजिन कुठेही असू दे. फोर-व्हील-ड्राइव्हने गाडी निघते चांगली, पण थांबताना चार चाकं सगळ्यांनाच असतात. स्वीडनच्या रॅलीत अरुंद, खिळे लावलेले टायर वापरतात ते उगीच नाही, अरुंद टायर बर्फ कापून खाली जातो, रुंद टायर वरवर तरंगतो.

एक मात्र तुम्ही लिहिलं नाहीत तरी मीच सांगतो, ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट रस्त्यापासून किती वर आहे ते. ताज्या खोल बर्फात अशा गाडीचं नाक नांगरासारखं घुसतं, तिथे तंत्रबिंत्र काही कामाचं नाही. मावसभाऊ विंटर टायर लावून ऑफिसला जातो, स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) कधी बंद करत नाही, आणि रस्ता साफ झालेला नसेल त्या दिवशी सरळ ट्रेन पकडतो.

ऑस्ट्रियात तुमच्या ओळखीच्यांची पोर्श बॉक्स्टर (तीही मिड-इंजिनच) बर्फात गरगर फिरली असं लिहिलंय तुम्ही, तिला टायर कोणते होते तेवढं विचारून सांगा. समर असतील तर त्यात इंजिनचा काय दोष?